लोहाराच्या पोरा, आधी उभं राहायला शीक

चि. हेन्री यास अनेक आशीर्वाद.

साल १४०३, बोहेमियातलं स्कालित्झ गाव, आणि तिथल्या मार्टिन लोहाराचा तू मुलगा. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा व्हिडिओ गेम आणला, तेव्हापासून लाखो माणसांनी तुझ्या डोळ्यांनी ते गाव पाहिलं आणि तुझ्या हातांनी तलवार धरली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती पहिल्या काही तासांतच खाली ठेवली. तक्रार ठरलेली: या पोराला लढताच येत नाही, कळ दाबली तरी वार वेळेवर जात नाही, रानात दोन चोर आडवे आले की खेळ खलास. हे पत्र तुला एकट्याला पाठवता आलं असतं, पण तलवार खाली ठेवलेल्या त्या सगळ्यांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून ते उघड्यावर लिहिते आहे.

तुला लढता येत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. आणि मला तू आवडतोस तो त्याचमुळे.

तुझी पहिली हाणामारी आठव. वडिलांनी तुला कोळसा आणायला पाठवलं, आणि त्याचे पैसे उभे करायला आधी कुनेशकडची उधारी वसूल कर म्हणाले. कुनेश हा गावातला दारुडा. मार्टिनने घडवलेलं सामान नेलं, दाम काही दिला नाही. तू त्याच्या दारात गेलास, बोलाचाली झाली आणि त्याने तुला मातीत लोळवलं. कथा सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच नायक एका दारुड्याच्या हातून मार खातो! इतर खेळांत पहिल्याच पानावर राक्षस मारून झालेले असतात. तुझ्या वाट्याला ना जादू आली, ना ड्रॅगन, ना जन्मजात पराक्रम. जानेवारी २०१४ मध्ये वॉरहॉर्सने लोकांकडे तीन लाख पौंडांची वर्गणी मागितली, तेव्हा नेमकं हेच सांगितलं होतं की यात ड्रॅगन नसतील. जमले अकरा लाखांवर. म्हणजे तुझ्यासारखा कच्चा पोरगा बघायची भूक कितीतरी लोकांना होती.

पुढे सिगिस्मंडची फौज आली. हंगेरीचा हा राजा आपल्या सावत्र भावाला, बोहेमियाच्या व्हेन्सेस्लास चौथ्याला कैदेत घालून त्याच्या मुलखात घुसला होता. कुमान घोडेस्वारांनी तुझं गाव जाळलं, आईवडील तुझ्या डोळ्यांदेखत गेले. वडिलांच्या नजरेआड व्हान्येक नावाच्या माणसाकडून तलवारीचे जे दोन-चार धडे तू घेतले होतेस, ते त्या दिवशी कशालाच पुरले नाहीत. तू पळालास, आणि ते योग्यच केलंस. नंतर आईवडिलांना मूठमाती द्यायला परत गेलास, तेव्हा रंट नावाच्या दांडग्याने तुला आडवं केलं आणि वडिलांनी राडझिग कोबिला सरदारासाठी घडवलेली तलवार हिसकावून नेली. खेळणारा कितीही तरबेज असला तरी तिथे हार ठरलेली आहे. तो प्रसंग मला कधीच अन्यायाचा वाटला नाही. तू काय शिकायला हवं आहेस, ते रंटने तुझ्यासमोर उभं राहून दाखवलं.

स्कालित्झच्याच थेरेसाने तुला वाचवलं, रॅटाय गावच्या पेशेक गिरणीवाल्याने आसरा दिला, आणि मग तू त्या माणसाकडे पोहोचलास ज्याच्यापाशी या पत्राचा निम्मा जीव आहे. कॅप्टन बर्नार्ड. आमच्याकडे अशा माणसाला वस्ताद म्हणतात. रॅटायच्या वरच्या किल्ल्याबाहेर लाकडी कुंपणाचा आखाडा आहे, तिथे तो उभा असतो. कथेच्या गरजेपुरते धडे तो तुला देतो, तेवढ्यात तरुण मालक हान्स केपन येऊन तुझी टर उडवतो, तलवारीची आणि धनुष्याची पैज लागते, आणि बहुतेक खेळाडू त्यानंतर त्या कुंपणाकडे ढुंकून बघत नाहीत. सगळा घोटाळा तिथे होतो. आखाडा काही बंद झालेला नसतो. बर्नार्ड तिथेच असतो, पैसे मागत नाही, आणि खरी विद्या पैजेनंतरच सुरू होते. अडवण्याचे बारकावे, हूल, अंगाला अंग भिडल्यावरची झटापट, लागोपाठ वारांचे कॉम्बो आणि तो प्रसिद्ध मास्टर स्ट्राइक, हे सगळं त्याच्याकडून मागून घ्यावं लागतं. जो मागत नाही त्याला ते मिळत नाही, आणि मग तो जन्मभर म्हणत राहतो की खेळ अवघड आहे.

तेव्हा पैज संपली की घोडा बांध, रानात जाऊ नकोस, परत कुंपणात ये. लाकडी तलवारी माग. आणि सुरुवातीला वार करूच नकोस.

तुला हे विचित्र वाटेल, म्हणून सावकाश सांगते. बर्नार्ड समोर पवित्रा घेऊन उभा आहे. पडद्याच्या मधोमध पाच दिशांची चांदणी आहे. एक दिशा डोक्यावरची, दोन वरच्या बाजूंच्या, दोन खालच्या. भोसकण्याचा वार निराळा. तुझी नजर त्या चांदणीवर नको, त्याच्या खांद्यावर हवी. खांदा हलतो, तलवार वर जाते, आणि इथे नवख्याचा हात शिवशिवतो. तो फार लवकर अडवतो, त्यामुळे दम खर्च होतो आणि दुसरा वार फटीतून आत येतो. तू थांब. पातं खाली यायला लागू दे. मधोमध एक हिरवी ढाल क्षणभर चमकते. त्या क्षणाला अडवलंस तर पात्यावर पातं खणकन वाजतं, तुझा तोल जागच्या जागी राहतो आणि समोरच्याची बाजू उघडी पडते. लगेच हात चालवलास तर तो रिपोस्ट झाला. बर्नार्ड तोही अडवतो आणि परतफेड करतो, तू पुन्हा अडवतोस, तो पुन्हा फेडतो. असे चार-पाच खणखणाट सलग झाले की पहिल्यांदा कळतं, तलवारबाजीलाही ताल असतो आणि तो ऐकू येतो. बरेच खेळाडू हिरवी ढाल बघून अडवतात. माझा आग्रह आहे की तू ताल ऐकून आणि खांदा बघून अडवायला शीक, कारण रात्रीच्या झुंजीत किंवा तीन माणसं अंगावर आली असताना तेवढं निरखून बघायला उसंत मिळत नाही.

आकड्यांचंही बोलून घेऊ. तुझं तलवारीचं कौशल्य शून्यापासून वीसपर्यंत चढतं, बचावाचं वेगळं, ताकद, चपळाई आणि दमसास वेगळे. जे वापरशील ते वाढतं. तलवार चालवलीस तर तलवार, अडवलंस तर बचाव. आकडा वाढला की तुझे हात हलके होतात, वार अंगात रुततो. पण आकडा हा तुझा भाग आहे, आणि दुसरा भाग पडद्याच्या या बाजूला बसलेल्या माणसाचा आहे. त्याचा आकडा कुठे दिसत नाही. त्याचं बोट किती वेळा घाई करतं, दोन पावलं मागे सरायचं त्याला कधी सुचतं, हे कुठल्याच पानावर नोंदलं जात नाही. तुम्ही दोघं मिळून शिकता. एकटा हेन्री वीसवर पोहोचला आणि खेळणाऱ्याचा हात कच्चा राहिला, तर साधा दरोडेखोरही दोघांना भारी पडतो. खेळणारा तरबेज आणि हेन्री कोवळा असला, तर हात बरोबर चालतो पण दम पुरत नाही. दोघांना एकत्र वाढवण्याची जागा म्हणजे तो आखाडा. मला या खेळाची सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. तुझं शिकणं आणि खेळणाऱ्याचं शिकणं यांना त्याने एकमेकांपासून सुटू दिलेलं नाही.

दमाचं सांगायचं राहिलं होतं. तुझ्याकडे जखमांची एक पट्टी आहे आणि दमाची एक, आणि नवखे लोक पहिलीकडे बघत बसतात. झुंज दुसरीवर ठरते. प्रत्येक वार दम खातो, चुकीच्या वेळी अडवणंही खातं, समोरच्याचे फटके आधी दमावर येतात आणि तो संपला की सरळ अंगावर. जखम झाली की दमाची मर्यादाच आखडते, म्हणून सुरुवातीला खाल्लेला एक वार शेवटपर्यंत नडतो. उपाशी, जागरण झालेला किंवा झिंगलेला असशील तर आखाड्यातली निम्मी विद्या तशीच वाया जाते. यावर उपाय साधा आहे आणि कुणालाच आवडत नाही. दोन वार केलेस की थांब. तीन होतील असं वाटत असेल तरी थांब. मागे सरक, हात आवर, दम भरू दे, मग पुन्हा पुढे जा. समोरचा तेवढ्यात धापा टाकत असेल तर मात्र त्याला सोडू नकोस. त्याचा दम संपल्यावर मारलेला एक वार आधीच्या पाचांना भारी असतो.

पायांबद्दल मला जरा खंत आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात लाठी असो की पट्टा, पवित्रे पायांतूनच सुरू होतात. पाय बसला नाही तर हाताला अर्थ नाही. युरोपातल्या तुझ्या काळच्या वस्तादांचंही वार आणि पाऊल यांच्या मेळाकडे बारीक लक्ष होतं. तुझ्या खेळात पाय आहेत, पण खेळणाऱ्याला त्यांची जाणीव फारशी करून दिली जात नाही. बर्नार्डही पायांविषयी कमीच बोलतो. ती उणीव तू स्वतः भरून काढ. एकाच जागी खिळून राहू नकोस. बाजूला सरकत राहा, अंतर मोजत राहा. आपलं पातं कुठवर पोहोचतं आणि त्याचं कुठवर, यातला वीतभर फरक ज्याला उमगला तो वार करण्याआधीच अर्धा जिंकलेला असतो. आखूड तलवार घेऊन लांब तलवारवाल्यासमोर उभा राहिलास तर एकतर पूर्ण लांब राहा, नाहीतर पूर्ण आत शीर. मधल्या पट्ट्यात तोच राजा.

आत शिरलास की झटापट होते, तिला खेळात क्लिंच म्हणतात. दोघांच्या मुठी अडकतात, आणि ताकद व कसब ज्याचं जास्त तो दुसऱ्याला ढकलून देतो, लगोलग एखादा फटका हाणतो. बरेच जण या प्रकाराला वैतागतात, त्यांना तो तलवारीच्या सुंदर खेळातला अडथळा वाटतो. त्यांना इटलीच्या फियोरे देई लिबेरीकडे पाठवायला हवं. १४०९ च्या आसपासची, म्हणजे जवळजवळ तुझ्याच काळातली त्याची सचित्र हस्तलिखितं आजही आहेत, आणि त्याच्या विद्येचा पाया कुस्तीचा आहे. तलवार हातात असतानाही माणूस कोपर धरतो, मनगट पिळतो, पाय अडकवतो. जवळ आल्यावर पातं निरुपयोगी होतं आणि अंगच हत्यार बनतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा क्लिंचला भिऊ नकोस. ताकद कमावलीस तर तीच तुझी हक्काची जागा आहे. लोहाराच्या मुलाला तर ती शोभूनही दिसते.

आता चिलखताचं. बर्नार्डच्या लाकडी तलवारीने जे शिकलास ते पोलादी पत्र्यात बंद झालेल्या माणसासमोर चालवलंस तर हात तेवढा दुखेल. त्या काळची लांब तलवार साधारण सव्वा ते दीड किलोची. लोकांना ती फार जड वाटते, प्रत्यक्षात ती चपळ असते. पण तिच्या धारेने पोलादी पत्रा कापता येत नाही, तेव्हाही येत नव्हता. साखळ्यांच्या झग्यावर कापण्यापेक्षा भोसकणं बरं. पत्र्यावर धार विसरून जा, तिथे गदेचं किंवा हातोड्याचं काम, कारण पत्रा शाबूत राहिला तरी आतलं हाड हादरतं. खेळाने हा हिशेब प्रामाणिक ठेवला आहे. कापणं, भोसकणं आणि ठेचणं यांचे आकडे प्रत्येक हत्याराचे वेगळे, आणि प्रत्येक चिलखताचा बचावही तसाच वेगळा. म्हणून तलवारीत पारंगत व्हायचं असेल तर कमरेला एक गदाही असू दे. तलवार कुठे म्यान करायची ते कळणं हाही तलवारीचाच अभ्यास आहे.

स्वतः चिलखत चढवताना हावरेपणा करू नकोस. आत जाड गादीचा डगला, त्यावर साखळी, त्यावर पत्रा, असे थर तुझ्या अंगावर खरोखर एकावर एक चढतात. पूर्ण चिलखत वीस-पंचवीस किलोंच्या घरात जातं. ओझं वाढलं की दम लवकर जातो. आणि तोंड झाकणारं शिरस्त्राण घातलंस की जग एका फटीएवढं उरतं. आपलाच श्वास कानात घुमतो आणि डावीकडून येणारा माणूस दिसतच नाही. एकास एक झुंजीत ती फट चालते. रानात, जिथे किती जण आहेत ते ठाऊक नाही, तिथे मी उघड्या तोंडाचं शिरस्त्राण पसंत करीन.

रानावरून आठवलं. एकाहून जास्त जण अंगावर आले तर शौर्य दाखवू नकोस. या खेळाची नजर एकावर खिळते आणि दुसरा पाठीत वार करतो, ही त्याची खरीखुरी अडचण आहे आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण उपाय आहे. पाठ कुंपणाला किंवा भिंतीला लाव, नाहीतर मागे मागे सरत राहा म्हणजे सगळे एका बाजूला रांगेत येतील. आधी जो उघडाबागडा आणि अधीर आहे त्याला पाड, चिलखतवाला जड पावलांनी यायचा तेव्हा येईल. आणि जमत नसेल तर पळ. मरण इथे महाग आहे. खेळ जतन करायला सेव्हियर श्नॅप्सची बाटली लागते किंवा बिछान्यात झोपावं लागतं, म्हणून रानातला एक मूर्खपणा अख्ख्या दिवसाचं काम पुसून टाकतो. या नियमावर खूप टीका झाली. मला तो हवासा वाटतो, कारण त्याच्यामुळे प्रत्येक झुंजीआधी माणूस दोनदा विचार करतो.

घायाळ झालेला शत्रू पुष्कळदा हत्यार टाकून दया मागतो. त्याला मारण्याने तुझ्या कौशल्याचा आकडा वाढणार नाही असं नाही. तरी सोड त्याला. तू जिथे उभा राहायला शिकलास तिथे हात आवरणं हा पहिला धडा होता.

एक गोष्ट मला टोचते ती आता स्पष्ट सांगते, कारण ती बोलल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. मास्टर स्ट्राइक. बर्नार्डकडून तो एकदा शिकलास की नेमक्या वेळी अडवताच तुझं पातं आपोआप समोरच्याचं पातं बाजूला सारून त्याच्या अंगावर उतरतं. अडवणं आणि मारणं एकाच हालचालीत. दिसायला देखणं, परिणामाला जबर. आणि म्हणूनच बहुतेक खेळाडू तिथे येऊन थांबतात. बुजगावण्यासारखे उभे राहतात, समोरच्याच्या वाराची वाट बघतात, मास्टर स्ट्राइक मारतात, पुन्हा वाट बघतात. कसलेले शत्रूही तेच करतात, त्यामुळे आपण होऊन वार करणाराच शिक्षा भोगतो. शेवटी दोन माणसं तलवारी घेऊन एकमेकांकडे बघत ताटकळतात. मी तुला उभं राहायला शीक म्हणाले ते एवढ्यासाठी नव्हे.

ज्या परंपरेतून हा पेच आला तिचं सांगणं वेगळं होतं. चौदाव्या शतकातला जर्मन वस्ताद योहान्नेस लिश्टेनाउअर. त्याची विद्या कूट पद्यांत बांधलेली होती आणि शिष्यपरंपरेने तिच्यावर भाष्यं लिहिली. त्यांतलं एक जुनं हस्तलिखित न्यूरेम्बर्गच्या संग्रहालयात आहे, आणि युरोपात आज ऐतिहासिक तलवारबाजी शिकणारे लोक अशा पोथ्या उघडून आखाड्यात उतरतात. त्याच्या पाच खास वारांत अडवणं आणि मारणं एक होतं, हे खरंच आहे. समोरच्याचा वार येत असतानाच आपला वार त्याच्या वाटेवर असा जातो की त्याचं पातं हटतं आणि आपलं टोक लागतं. पण या सगळ्याच्या मुळाशी पुढाकार आहे. पहिला वार तू कर, त्याला अडवायला भाग पाड. तो अडवतो आहे तोवर दुसरीकडून जा. पुढाकार त्याच्याकडे गेलाच तर तो त्याच क्षणात परत हिसकाव. पात्याला पातं टेकलं की हाताला जाणवतं, समोरचा जोर लावतो आहे की सैल आहे, आणि त्यावरून पुढची चाल ठरते. वाट बघत बसणं ही त्या वस्तादांच्या लेखी पराभवाची सुरुवात होती.

म्हणून बर्नार्डकडे मास्टर स्ट्राइक शिक, पण काही दिवस तो बाजूला ठेव. हूल दे. वरून वार येणार असं दाखव, त्याचा हात वर जाऊ दे, आणि ऐन वेळी दिशा खाली वळव. कॉम्बो शिक. ठरलेल्या दिशांचे वार एकामागोमाग न अडता लागले तर शेवटचा घाव मोठा बसतो, आणि ते जमवायला समोरच्याला गोंधळात पाडावंच लागतं. बर्नार्डवर हे चालणार नाही, तो दहातले नऊ अडवेल. हरकत नाही. दहावा लागतो तेव्हा तो का लागला हे तुझ्या हातात राहतं, आणि तसलं ज्ञान कुठल्याच आपोआप पेचातून मिळत नाही.

दुसऱ्या भागात, ४ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेल्या खेळात, हे वॉरहॉर्सच्याही लक्षात आलेलं दिसतं. तिथे पाचाऐवजी चार दिशा आहेत, मास्टर स्ट्राइक तलवारीपुरताच आहे, आणि समोरून वार ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूने उत्तर द्यावं लागतं. म्हणजे बघावं लागतं, वाचावं लागतं. सुरुवातीला तुझी कमावलेली ताकद पुन्हा हिरावली जाते आणि भटक्यांच्या तळावर टॉमकॅट नावाच्या वस्तादापासून पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. पुढे चांदीच्या खाणींच्या कुटेनबर्ग शहरात फ्रँकफर्टचा मेन्हार्ड भेटतो. फ्रँकफर्ट हे नाव उगाच आलेलं नाही. तिथल्या सेंट मार्कच्या नावाने चालणाऱ्या तलवारबाजांच्या मंडळीला सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याने १४८७ मध्ये सनद दिली. तुझ्या काळानंतरची ही गोष्ट, पण तलवार शिकवणं हा सुतारकी-लोहारकीसारखा सनदशीर धंदा कसा झाला, त्याची पूर्वछाया तुझ्या कथेत दिसते, आणि मला ती फार भावते.

धंद्यावरून तुझ्या घरच्या विद्येकडे येते. तुझी तलवार बोथट होते. दर झुंजीत तिची धार जाते, आणि तू ती तशीच कमरेला लावून फिरतोस. लोहाराचा मुलगा ना तू? गावोगावी सहाणेचं चाक आहे. चाक फिरतं ठेव, पातं टेकव, मुठीपासून टोकापर्यंत सावकाश ने, कोन ढळू देऊ नकोस. दाब जास्त दिलास तर धारेऐवजी पातंच खराब होईल. दोन्ही बाजू सारख्या कर. मार्टिनने तुला लढायला शिकवलं नाही, त्याला ते नकोच होतं, पण पोलाद कसं हाताळायचं ते तू त्याच्याजवळ उभं राहून बघितलं आहेस. धार लावायला दुसऱ्याला पैसे देताना मला तू दिसलास की वाईट वाटतं.

आता रंटचं. त्याचा ठाव तुला प्रिबिस्लावित्सच्या पडक्या देवळात लागेल. राडझिगची माणसं बरोबर असतील, पण त्याच्यासमोर तू एकटाच असशील. वडिलांची तलवार त्याच्याकडे असेल असं धरून जाऊ नकोस, ती पुढे दुसऱ्याच्या हाती गेलेली आहे, त्यामुळे तिथे मिळाली नाही तर हात ढिला पडता कामा नये. काही जण त्याला लांबूनच बाणाने टिपतात, त्यात चूक काही नाही. तलवारीनेच जाणार असशील तर आदल्या रात्री नीट झोप, पोटभर जेव, दारू टाळ, मलमपट्टीचं सामान घे, धार बघून घे, झेपेल एवढंच चिलखत चढव. तो दांडगा आहे, तेव्हा क्लिंचमध्ये त्याच्याशी जोर करू नकोस. मागे सर, त्याला पहिले दोन वार हवेत घालवू दे, त्याचा दम उतरला की वरून हूल देऊन खालून जा. आणि हल्ल्याआधी प्रिबिस्लावित्सची टेहळणी करून परतलास की हल्ल्याचा बिगुल वाजायच्या आत बर्नार्डबरोबर लाकडी तलवारीने एक डाव खेळून घे. त्यात मास्टर स्ट्राइक वापरू नकोस.

कळावे.

तुझी,
पडद्याच्या या बाजूची खेळाडू